गाठ नसताना

"गाठ नाही, काका," डॉक्टर निखत म्हणाल्या आणि सूर्यभान खुर्चीतून उठलेच.

त्यांनी डॉक्टरांना हात जोडले, मग भिंतीवरच्या मेंदूच्या चित्रालाही जोडले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दार लोटून बाहेर पडले. मागे डॉक्टर अजून काही सांगत होत्या. मुलगा गजेंद्र आणि सून रागिणी समोर बसून ऐकत होते. ते ऐकतीलच, शिकलेले होते. सूर्यभानना जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. अकोल्याच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून, ऑटोंच्या गोंगाटात एक कान बोटानं बंद करून त्यांनी हिवरखेडला बायकोला फोन लावला.

"पार्वता, टळलं. रागिणीले गाठ नाई म्हणते बाई."

"मंग ऑपरेशन?"

"गाठच नाई त ऑपरेशन कायचं करतीन? टळलं ना. पुंजाजीले सांगून ठेव, शनवारी मारोतीजवळ नवसाचे रोडगे."

"काहो, पण डॉक्टर अजून काय म्हणे?"

"तेच म्हणे. ठेव आता, गर्दी हाय इथं."

आणि लगेच त्यांनी रोडगे भाजणाऱ्या पुंजाजीलाही स्वतःच फोन लावला, कारण पार्वताबाई निरोप उद्यावर टाकतील याची त्यांना खात्री होती. मग शेजारच्या शेतवाल्याला लावला. मग गावातल्या किराणा दुकानदाराला. गजेंद्र आणि रागिणी बाहेर आले तोवर वांगी कुठून आणायची हेही ठरून गेलं होतं. दोघांचे चेहरे त्यांनी धड पाहिलेच नाहीत.

गोष्ट सुरू झाली होती शिट्टीपासून. रागिणी हिवरखेडच्या शाळेत खेळाची शिक्षिका. मैदानावर ती शिट्टी फुंकायची ती सूर्यभानना घराच्या ओट्यावर ऐकू यायची. दिवाळीनंतर शाळा उघडली आणि शिट्टी सकाळी वाजायची, दुपारी नाही. ओठ आवळले की हवा बाजूनं निसटून जायची. पोट्टे हसायचे. मग संध्याकाळ झाली की डावी पापणी खाली यायला लागली. पार्वताबाई म्हणाल्या, मोबाइल पाहून पाहून डोळे थकले. मग एका कबड्डीच्या सामन्यात रागिणीला चढाई करणारी पोरगी एक दिसेना, दोन दिसायला लागल्या, आणि दोघींपैकी बाद कोणती हे ठरवता न आल्यानं तिनं सामनाच थांबवला. तेल्हाऱ्याच्या डोळ्याच्या डॉक्टरनं थेंब दिले, चष्मा दिला. तिथून पुढे अकोल्याला, मेंदू आणि नसांच्या डॉक्टर निखत यांच्याकडे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून रागिणीच्या पडलेल्या पापणीवर जरा वेळ धरून ठेवला. काढला तेव्हा पापणी वर गेलेली होती. थोड्या वेळानं परत खाली आली. सूर्यभान हे बघतच राहिले. बर्फानं पापणी उघडते, हे त्यांनी नंतर गावात भेटेल त्याला सांगितलं. रोगाचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. नस हुकूम देते, पण स्नायूवर तो हुकूम घेण्याची जी ठिकाणं असतात त्यांच्यावर शरीरातलेच शिपाई हल्ला करतात. म्हणून पहिली हालचाल जोरकस आणि नंतरची दर खेपेला कमी. आराम केला की परत थोडी ताकद. गोळ्या सुरू झाल्या, पाठोपाठ स्टेरॉइडही सुरू झाले. पापणी सावरली, आणि रागिणीचा चेहरा पुरीसारखा फुगला.

इथपर्यंत सूर्यभानना सगळं समजलं होतं. मग छातीचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाल्या, छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, ती हिची मोठी दिसते, गाठ असू शकते, नसूही शकते. गाठ असेल तर मात्र ऑपरेशन करावंच लागेल. त्या पूर्ण वाक्यातून सूर्यभानच्या कानात दोन शब्द राहिले, गाठ आणि ऑपरेशन.

ऑपरेशन या शब्दाला त्यांच्या घरात एक चेहरा होता. त्यांचा धाकटा भाऊ खुशालराव. पोट दुखतं म्हणून गेला, अपेंडिक्स निघालं, ऑपरेशन झालं, आणि घरी आणला तो चादरीत गुंडाळून. त्याला खूप वर्षं झाली होती, पण सूर्यभानना अजून दवाखान्याच्या फिनाइलच्या वासानं मळमळायचं. सीटीच्या दिवशी ते अकोल्याहून परतले आणि घरी न जाता तसेच शेताच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या मारोतीपाशी गेले. म्हणाले, पोरीचं ऑपरेशन टाळ, गावाला रोडगे खाऊ घालतो.

मग अमरावतीला एमआरआय झाला. साध्या वाढलेल्या थायमसमध्ये चरबी मिसळलेली असते, गाठीत ती सहसा नसते, आणि एमआरआय ती चरबी वेगळी करून दाखवतो. रागिणीच्या थायमसमध्ये चरबी होती. गाठ नव्हती. म्हणून शनिवारी रोडगे.

शनिवारी धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली गोवऱ्यांचा आर पेटला. पुंजाजी सूर्यभानच्याच वयाचा. गावातल्या प्रत्येक नवसाचे रोडगे त्याच्या हाताखाली भाजले जायचे. त्यानं कणकेचे गोळे आरात पुरले, पोट्ट्यांना हाकललं, वांग्याच्या भाजीत तिखट कमी पडलं म्हणून आचाऱ्याची आई-बहीण न काढता जेवढं बोलता येतं तेवढं बोलला. मारोतीला नैवेद्य दाखवला. पंगती बसल्या. सूर्यभान एकेकाच्या पाठीवर हात ठेवून सांगत फिरत होते, टळलं बाप्पा, गाठ नाही निघाली.

नवस ज्याचा, त्याच्या घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. त्यात सून तर वाढायला. रागिणीनं पहिल्या पंगतीच्या आधी तिची गोळी घेतली होती, कारण गोळी घेतली की थोड्या वेळानं चावायला, गिळायला बळ येतं आणि काही तास टिकतं. पण पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तिसरीत तेल्हाऱ्याहून आलेले सोयरे बसले. रागिणी तूप वाढत होती. सूर्यभाननी पाहिलं की ती तुपाचं भांडं उजव्या हातातून डाव्या हातात घेते आहे, मग परत उजव्या. त्यांना वाटलं भांडं तापलं असेल.

घरच्यांची पंगत बसली तेव्हा उन्हं कलली होती. सूर्यभान रागिणीच्या समोरच्या ओळीत होते. तिनं रोडगा चुरला, वरण घेतलं, चार घास नीट खाल्ले. मग घास तोंडात घोळायला लागला. मग तिचा डावा हात हळूच वर आला आणि तिनं हनुवटीला खालून टेकू दिला. हातानं जबडा वर ढकलून ती घास चावत होती, दुसऱ्या हातानं पदर असा धरून की शेजारच्या बाईला वाटावं लाजते आहे. सूर्यभानचा स्वतःचा घास तोंडात तसाच राहिला.

तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. पाणी नाकातून बाहेर आलं.

ती खोकली, पण खोकल्यात जोर नव्हता. आवाज कापडातून यावा तसा येत होता. गजेंद्र ताटावरून उडी मारून तिच्यापाशी गेला, तिला पुढे वाकवलं, पाठीला आधार दिला. तिचा चेहरा काळवंडला होता. कोणी म्हणालं, ठसका लागला. कोणी म्हणालं, वर पाह्य, वर पाह्य. गजेंद्रनं कोणाचं ऐकलं नाही, तिला वाकवूनच ठेवलं. हळूहळू श्वास लागला. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "काही नाही. बसा सगळे." तिचा आवाज नाकातून येत होता.

लोक बसले. सूर्यभान ताटावरून उठले आणि आराजवळ जाऊन उगाच राख उकरत राहिले.

दिवेलागणीला घरी चहा झाला. रागिणीनं मधे आडवं होऊन, गोळी घेऊन आवाज परत मिळवला होता. ती समोर येऊन बसली.

"मामाजी, त्या दिवशी तुमी फोन कराले बाहेर गेलते ना, तवा डॉक्टर मॅडम अजून बोलल्या."

"काय बोलल्या?"

गजेंद्र फरशीकडे पाहू लागला.

"गाठ नसली तरी ऑपरेशन करून घ्या म्हणल्या. उद्याच्या उद्या नाही. पण करून घ्या."

सूर्यभाननी बशी खाली ठेवली. "गाठ नाई म्हणे ना ते?"

"नाहीच."

"मंग काढतीन काय?"

"थायमस. पूर्ण ग्रंथी."

"गाठ नाई म्हणजे चांगली हाय ते. चांगली वस्तू काढून फेकाची?"

"चांगली नाही, मामाजी. गाठ नाही, एवढंच."

"अन तुमी दोघं इतके दिवस चूप काहून राहिले?"

गजेंद्र म्हणाला, "बाबा, आमी बाहेर येईस्तोवर तुमी शनवार ठरवून मोकळे झालते. एसटीत बसलो तवा निम्म्या हिवरखेडले मालूम. कोणत्या तोंडानं सांगतो? अन तुमी इतके दिवसानं हसून राहिलते."

पार्वताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अर्धं ऐकून उठाची सवयच हाय यायची. गजूच्या लग्नात तारीख अर्धी ऐकली अन बँड आठ दिवस आंधीच बोलावला. बँडवाले जेवून गेले, नवरदेव शेतात फवारा मारून राहिलता."

"पार्वता, ते वेगळं हाय."

"तेच हाय."

"देवाले जेवू घातलं म्या आज," सूर्यभान म्हणाले. "टळलं म्हून घातलं. आता काय सांगू त्याले, खोटं बोललो? ऑपरेशन होनार नाई. गोळ्या हायेत ना, गोळ्या घे."

रागिणी वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं. ती मैदानावर पंचांशी वाद घालायची ते त्यांनी पाहिलं होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "मी परवानगी मांगून नाही राहिली, मामाजी. तुमी सोबत यावं म्हून सांगून राहिली."

सकाळी सूर्यभान मारोतीपाशी गेले. पुंजाजी तिथंच होता, कढया राखेनं घासून घेत होता. सूर्यभान पारावर बसले, उठले, परत बसले.

"पुंजाजी, फेडलेला नवस परत घेता येते काय?"

"काय परत घेतं? रोडगे? ते त पोटात गेले लोकायच्या."

"मजाक नोको करू. ऑपरेशन टळलं म्हून फेडला. अन ते टळलंच नाई. करा लागते म्हणते डॉक्टर."

पुंजाजीनं कढई पालथी घातली. "मी इतके वर्षं झाले नवसाचे रोडगे भाजून राहिलो. लोक पोरगं मांगते, पोरगी होते, तरी रोडगे करते. पाणी मांगते, गारा येते, तरी करते. मारोती एकदा बी उठून विचाराले आला नाई, का बाबा, तू मांगलं का होतं अन भेटलं काय. जेवते अन चूप राह्यते. तू त्याच्या नावावर काहून ढकलून राहिला? तुले भेव वाटून राहिलं, तसं सांग."

सूर्यभाननी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"खुशालचं भेव हाय ते," पुंजाजी म्हणाला. "अन खुशालले अकोल्याले नेऊस्तोवर पोटातच फुटलं होतं त्याचं. डॉक्टर काय करते मंग?"

"काल तिनं हातानं हनुवटी धरून घास चावला, पुंजाजी."

"पाह्यलं म्या."

"अन मी पंगतीपंगतीत फिरून लोकाले सांगून राहिलतो, टळलं म्हून."

"मंग आता जाय अन पुसून ये नीट. मले काय मालूम कोठं कोणती ग्रंथी राह्यते. मी कढया घासतो."

सोमवारी सूर्यभान त्या दोघांच्या आधी तयार होऊन एसटीच्या थांब्यावर उभे होते.

डॉक्टर निखत यांनी आधी रागिणीला तपासलं. छतावरून नजर हलवू न देता वर बघायला लावलं, हात समोर धरून ठेवायला लावले, एका श्वासात आकडे म्हणायला लावले. मग शनिवारचं सगळं ऐकून त्या जरा चिडल्या.

"गोळी घेतली आणि जेवायला किती उशीर केलात?"

"सगळ्यांचं होईस्तोवर," रागिणी म्हणाली. "घरचेच शेवटी बसतात."

"सुनेनं शेवटी जेवायचं असतं हे गोळीला माहीत नसतं, रागिणी. ती तिच्या वेळेला उतरते." मग त्या सूर्यभानकडे वळल्या. "काका, मागच्या खेपेला तुम्ही मधेच उठून गेलात. आज मी चहा मागवते, म्हणजे बसाल."

"बसतो बाई. आज पुसाले आलो."

"पुसा."

"गाठ नाई त काढाची काहून?"

डॉक्टरांनी कागदावर छातीचं हाड काढलं आणि त्याच्या मागे दोन लांबट पानं जोडल्यासारखी ग्रंथी. "हे थायमस. लहानपणी हे फार कामाचं. शरीरातल्या शिपायांची शाळा समजा. आपलं कोण आणि परकं कोण, ते इथं शिकवलं जातं. माणूस मोठा झाला की शाळेचं काम संपत येतं, ती आक्रसते, तिथं चरबी भरते. रागिणीची शाळा अजून जोरात भरते आहे, आणि चुकीचं शिकवते आहे. आपल्याच स्नायूंवर जा म्हणून सांगते आहे."

"पटसंख्या वाढली म्हणायची," रागिणी म्हणाली. "आमच्या शाळेत उलटं हाय."

"तेच. गाठ असती तर प्रश्नच नव्हता, काढावीच लागली असती, कारण गाठ पसरू शकते. गाठ नाही, तेव्हा आता हा निवडीचा प्रश्न आहे. तिच्या रक्तात ज्या प्रकारची प्रतिपिंडं सापडली, तिचं वय, आजार सुरू होऊन फार काळ झालेला नाही, अशा माणसांत ही ग्रंथी काढल्यानं फायदा होतो असं दिसलेलं आहे. रक्तात दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं असती तर मीच म्हटलं असतं, ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नका."

"काढल्यावर माणूस तिच्याबिगर जगते?"

"मोठा माणूस मजेत जगतो."

"अन नाई काढली त?"

"तर औषधांवर ठेवू. कदाचित बरी राहील. मी तुम्हाला खोटी भीती घालणार नाही. पण स्टेरॉइड जास्त दिवस जास्त लागतील. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा तर बघताच आहात."

"अन काढली त ठीक होईन याची गॅरंटी?"

"नाही."

सूर्यभान पुढे झुकले. "नाई?"

"नाही, काका. पुष्कळांचे स्टेरॉइड कमी होतात, काहींचे सुटतात. काहींना फारसा गुण येत नाही. आणि जो येतो तो लगेच नाही, महिने जातात, वर्ष-दोन वर्षंही जातात. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पळायला लागली, असं होत नाही."

बियाण्याच्या दुकानात, मोटारीच्या दुकानात, जमिनीच्या दलालाकडे, सूर्यभानना आयुष्यभर गॅरंटीच मिळत आली होती. नाही म्हणणारं माणूस त्यांना क्वचित भेटलं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला. मग जे विचारायला खरं तर ते आले होते ते विचारलं.

"टेबलावर काही झालं त?"

डॉक्टरांनी घाई केली नाही. "या आजारात धोका श्वासाचा असतो. श्वासाचे स्नायू थकले तर ऑपरेशननंतर काही दिवस मशीन लावावं लागू शकतं. म्हणून हे ऑपरेशन घाईनं करत नाहीत. परवा नाकातून पाणी आलं, अशा अवस्थेत तर मी पाठवणारच नाही. आधी औषधाचा डोस नीट बसवू, मग शिरेतून काही दिवस एक औषध देऊ, ती भक्कम झाली की मग. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळं आधी माहीत असेल, कोणती औषधं चालत नाहीत तेही."

"म्हणजे माणूस चांगला असताना ऑपरेशन करता तुमी."

"या आजारात, हो."

सूर्यभाननी बराच वेळ तो कागद पाहिला. खुशालरावला दवाखान्याच्या दारात बैलगाडीतून उतरवलं तेव्हा तो कण्हतसुद्धा नव्हता, हे त्यांना आठवलं. रागिणी शेजारी ताठ बसली होती आणि त्यांच्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत होती.

"कोठं करतेत?" त्यांनी विचारलं.

"अमरावतीला."

"मंग मी येतो," ते रागिणीला म्हणाले.

पुढचे काही आठवडे घरात एक नवीनच पद्धत सुरू झाली. रागिणी गोळी घ्यायची आणि थोड्या वेळानं सूर्यभान ओट्यावरून ओरडायचे, "रागिणीचं ताट पयले." पार्वताबाई म्हणायच्या, आमच्या वक्ती कोणी असं वराडलं नाही. पण भाकरी दुधात मऊ कुस्करून त्याच द्यायच्या. शेजारच्या बायका हसल्या, मग हसायच्या थांबल्या. डोस बसला. नाकातून पाणी परत आलं नाही.

अमरावतीच्या दवाखान्यात आधी काही दिवस शिरेतून औषध चाललं. छातीचे सर्जन डॉक्टर सुगत बारीक अंगाचे आणि कमी बोलणारे होते. बरगड्यांच्या मधून बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून काढणार, मधलं हाड कापायची गरज पडेल असं वाटत नाही, पडली तर कापू, असं त्यांनी सांगितलं. रागिणीनं विचारलं, खेळायला कधी. ते म्हणाले, आधी मला माझं काम करू द्या.

सकाळी तिला आत नेलं. आत जाताना ती म्हणाली, "मामाजी, गजूले काही तरी खाऊ घाला, त्याचं तोंड पाहा." दार बंद झालं. फिनाइलचा वास होताच. सूर्यभान खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. गजेंद्र पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा, परत यायचा. घरून पार्वताबाईंचे फोन येत होते आणि सूर्यभान दर वेळी म्हणत होते, अजून नाही.

मग दार उघडलं. "रागिणी वाकोडेंचे नातेवाईक?"

डॉक्टर सुगत टोपी-मास्क मानेवर ओढून उभे होते आणि शेजारी नर्सच्या हातात स्टीलचा ट्रे होता. काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवायची असते. गजेंद्रनं ट्रेकडे एकदा पाहिलं आणि भिंतीला हात टेकला. "बाबा, तुमी पाहा."

सूर्यभान पुढे झाले. त्यांना वाटलं होतं काळं, टणक, वाईट काही दिसेल. ट्रेमध्ये पिवळसर गुलाबी, मऊ, दोन पानांचं काहीतरी पडलं होतं, वर दोन शिंगांसारखी टोकं. कोंबडीच्या पोटातली चरबी असते त्यासारखं. इतक्या दिवसांची सगळी धास्ती एवढ्याशा गोळ्याची होती.

"हे?"

"हे. ही टोकं मानेपर्यंत जातात. आजूबाजूची चरबीही काढली, तिच्यात याचे तुकडे लपून राहू शकतात."

"गाठ?"

"मला तरी दिसली नाही. तपासणीला पाठवतो, ते नक्की सांगतील."

"अन श्वास?"

"तिचा तीच घेते आहे. श्वासाची नळी आतच काढली."

सूर्यभाननी परत एकदा विचारलं, कारण हेच वाक्य त्यांना दोनदा ऐकायचं होतं. डॉक्टर सुगत यांनी ते दोनदा सांगितलं. मग दार बंद झालं तरी सूर्यभान त्याच्यासमोर उभेच होते. गजेंद्रनं त्यांना खुर्चीत बसवलं. मग गजेंद्रला हसू यायला लागलं, कशाचं ते त्यालाही सांगता येईना, आणि सूर्यभानही हसले.

त्यांनी फोन लावला. "पार्वता, झालं. सोताचा श्वास घेऊन राहिली."

"डॉक्टरचं पूर्ण ऐकून घेतलं ना?"

"पूर्ण ऐकलं. पाह्यलं बी."

मग पार्वताबाई नाक ओढत म्हणाल्या, "मंग आता जेवा दोघंजणं."

दुपारी त्यांना काही क्षण आत सोडलं. रागिणीच्या छातीच्या बाजूला नळी होती, नाकाला प्राणवायू, पण डोळे दोन्ही उघडे होते.

"मामाजी," ती म्हणाली, घोगरी. "वर्ष लागीन म्हणतेत, बरं. लगेच काही पाहू नका माह्याकडं."

"लागू दे. कोणाले घाई हाय?" ते म्हणाले. "तू बोलू नोको आता."

ते बाहेर येऊन बसले तेव्हा शेजारच्या खुर्चीत चांदूर बाजारकडचा एक माणूस होता. सकाळपासून तो तिथंच होता, हातात पाण्याची न उघडलेली बाटली. त्याच्या बायकोला पित्ताशय काढायला आत नेलं होतं.

"तुमची झाली वाटते," तो म्हणाला. "सून होय ना?"

"सून."

"गाठ होती काय?"

"नाई."

तो माणूस त्यांच्याकडे वळला. "गाठ नाई अन कापलं? मंग लुबाडलं भाऊ तुमाले."

सूर्यभान एरवी असल्या बोलण्यावर आवाज चढवून बोलले असते. आत्ता त्यांना राग आला नाही. "मले बी असंच वाटे," ते म्हणाले. "मारोतीले नवस बी बोललो होतो, ऑपरेशन टाळ म्हून."

"अन मंग?"

"मंग भेव वाटत वाटतच आलो."

त्या माणसानं बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दाराकडे पाहिलं. "माह्यावाली त हसत गेली आत," तो म्हणाला. "मलेच घाम सुटून राहिला. सांगाचं कोणाले?"

गजेंद्र जिन्यावरून आला. "बाबा, खाली डबा आला. चला, दोन घास खाऊन घेऊ. आता काही काळजी नाही."

सूर्यभानना भूक लागली होती. ही भूक त्यांना फार दिवसांनी लागली होती. त्यांनी शेजारी पाहिलं. तो माणूस दुसरीकडे बघत होता, आपलं काही म्हणणं नाही असं दाखवत.

"तू जेव," सूर्यभान गजेंद्रला म्हणाले. "यायची बाई अजून आत हाय. मी बसतो जरा." मग ते त्या माणसाला म्हणाले, "ते बाटली उघडा पयले. पाणी प्या."

त्यानं बाटली उघडली. अर्धी प्यायला, अर्धी त्यांच्यापुढे केली. दोघांनी पीक कसं आहे ते एकमेकांना विचारलं. त्याचं संत्रं होतं, सूर्यभानची पऱ्हाटी, कपाशी. संत्र्यावरून बोलणं निघालं आणि बराच वेळ चाललं. मग दार उघडलं, नर्सनं त्याच्या बायकोचं नाव पुकारलं, आणि सूर्यभान त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्यासोबत दारापर्यंत गेले.